एमी नोएथर : कायम नोकरीविना गेलेले आयुष्य आणि ब्रिन मॉरमधले अखेरचे दीड वर्ष

धागाकर्ती : कृष्णाकाठ

१४ एप्रिल १९३५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर येथील रुग्णालयात एमी नोएथर यांचे निधन झाले. त्यांचे वय ५३ होते आणि जर्मनी सोडून त्यांना जेमतेम दीड वर्ष झाले होते. विसाव्या शतकातील बीजगणिताला ज्यांनी नवे वळण दिले आणि ज्यांच्या एका सिद्धान्तावाचून आजच्या सैद्धान्तिक भौतिकशास्त्राचे पान हलत नाही, त्या या विदुषीला आयुष्यात एकदाही कायमस्वरूपी पगारी प्राध्यापकपद मिळाले नाही. त्यांच्यावरचे बहुतेक लेख सिद्धान्तापासून सुरू होतात आणि आइन्स्टाइन यांच्या प्रशंसेपाशी थांबतात. त्यांच्या नोकरीची, म्हणजे न मिळालेल्या नोकरीची, हकिगत मात्र दोन ओळींत उरकली जाते. मला ती सविस्तर मांडावीशी वाटली, कारण त्यांचे स्थलांतर आणि मृत्यू यांचा अर्थ त्या हकिगतीशिवाय लागत नाही, असे माझे मत आहे.

त्यांचा जन्म २३ मार्च १८८२ रोजी बव्हेरियातील एर्लांगन या विद्यापीठाच्या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. वडील माक्स नोएथर हे बैजिक भूमितीतील नामवंत गणिती आणि तेथेच प्राध्यापक होते. मुलीने मात्र मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच शिकवावे अशीच तिची तयारी चालली होती आणि १९०० साली त्यासाठीची परीक्षा त्या उत्तम रीतीने उत्तीर्णही झाल्या. पुढे त्यांनी विद्यापीठात गणिताच्या वर्गात बसायचे ठरवले. त्याच विद्यापीठाच्या अधिसभेने १८९८ साली असा निर्वाळा दिला होता की, स्त्रियांना पुरुषांबरोबर शिकू दिल्यास सारी शैक्षणिक शिस्त कोलमडून पडेल. त्यामुळे रीतसर प्रवेश नव्हता. प्रत्येक प्राध्यापकाची वेगळी परवानगी घेऊन केवळ श्रोता म्हणून बसता येत असे. एकूण ९८६ विद्यार्थ्यांमध्ये अशा स्त्रिया दोनच होत्या. १९०३ साली नियम बदलला, १९०४ साली त्यांचे नाव पटावर आले आणि १९०७ साली पाउल गोर्डान यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या प्रबंधाच्या शेवटी ३३१ इन्व्हेरिअंटची, म्हणजे चलांची अदलाबदल केली तरी न बदलणाऱ्या बैजिक राशींची, यादी आहे, सगळी हाताने केलेली आकडेमोड. पुढे स्वतः नोएथर यांनीच या कामाला केराची टोपली दाखवली, कारण तोवर त्यांची विचार करण्याची रीत पुरती बदलली होती.

डॉक्टरेटनंतर १९०८ ते १९१५ अशी सात वर्षे त्यांनी एर्लांगनमध्ये एका पैशाविना काम केले. वडिलांची प्रकृती ढासळत होती, तेव्हा त्यांची व्याख्याने मुलगी देत असे. १९१५ साली डाव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या गणितज्ञांनी त्यांना ग्योटिंगनला बोलावले. ग्योटिंगन ही त्या काळची गणिताची पंढरी होती आणि आइन्स्टाइन यांच्या नव्या सापेक्षता सिद्धान्तात ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय होते, हा प्रश्न तेथे सर्वांना छळत होता. त्या प्रश्नासाठी नोएथर हव्या होत्या. पण विद्यापीठात स्वतःच्या नावाने शिकवण्याचा परवाना, ज्याला तिकडे हॅबिलिटेशन म्हणतात, तो प्रशियाच्या, म्हणजे ग्योटिंगन ज्या जर्मन राज्यात होते त्याच्या, १९०८ च्या नियमानुसार स्त्रियांना मिळत नव्हता. गणिती त्यांच्या बाजूने उभे राहिले, तर विद्याशाखेतील भाषा आणि इतिहासाच्या प्राध्यापकांचा विरोध तीव्र होता. आघाडीवरून परतलेल्या सैनिकांनी एका बाईच्या पायाशी बसून शिकायचे काय, असा त्यांचा सवाल असे.

यावर हिल्बर्ट म्हणाले की ही विद्यापीठाची सभा आहे, सार्वजनिक स्नानगृह नव्हे. हे वाक्य सगळीकडे सांगितले जाते. ते खरोखर उच्चारले गेले असेल तरी त्याने परवाना मिळाला नाही, हे मात्र सांगितले जात नाही. तोडगा असा निघाला की वेळापत्रकात व्याख्यान हिल्बर्ट यांच्या नावावर लागायचे, पुढे ‘डॉ. नोएथर यांच्या साहाय्याने’ असे छापायचे, आणि शिकवायचे प्रत्यक्षात नोएथर यांनी. याच स्थितीत त्यांनी निसर्गनियमांतील सममिती आणि ऊर्जेसारख्या अक्षय्य राशी यांचे नाते सांगणारा आपला प्रसिद्ध सिद्धान्त सिद्ध केला. जुलै १९१८ मध्ये तो ग्योटिंगनच्या विज्ञान संस्थेपुढे मांडला गेला, तोही क्लाइन यांच्या तोंडून, कारण नोएथर त्या संस्थेच्या सभासद नव्हत्या. युद्ध संपले, राजेशाही गेली, नवे प्रजासत्ताक आले आणि १९१९ साली एकदाचा परवाना मिळाला. १९२२ साली प्राध्यापक ही पदवीही आली, पण ती सरकारी नोकरीबाहेरची, म्हणजे बिनपगारी होती. १९२३ पासून बीजगणित शिकवण्याबद्दल एक लहानसे मानधन सुरू झाले. एवढीच काय ती त्यांची जर्मनीतील कमाई.

आणि नेमकी हीच वर्षे त्यांच्या कर्तृत्वाची होती. वलय (बेरीज आणि गुणाकार करता येणारी, पूर्णांकांसारखी रचना) आणि त्यातील आयडियल नावाचे विशिष्ट उपसंच यांविषयीचा त्यांचा १९२१ चा निबंध आधुनिक बीजगणिताचा पाया मानला जातो. हॉलंडहून फान डेर वेर्डन आले, मॉस्कोहून अलेक्सांद्रोव्ह आले, चीनमधून त्सेन आले. विद्यार्थ्यांचा हा घोळका त्यांच्यामागून ग्योटिंगनच्या आसपासच्या रानात फिरत फिरत गणित बोलत असे आणि गावात त्यांना ‘नोएथरची मुले’ म्हणत. १९२८-२९ चा हिवाळा त्यांनी मॉस्कोत शिकवण्यात घालवला. १९३२ साली झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत मुख्य व्याख्यान देणाऱ्यांत त्या एकट्या स्त्री होत्या.

पुढच्याच वर्षी सगळे उलटले. ७ एप्रिल १९३३ रोजी नाझी सरकारने सरकारी सेवेच्या ‘पुनःस्थापने’चा कायदा केला आणि महिनाअखेरीस ग्योटिंगनमधील सहा प्राध्यापकांना निलंबित केल्याची तार आली. त्यांत भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न आणि गणिती रिचर्ड कूरांट यांच्यासह नोएथर होत्या. ज्या सेवेत त्यांना कधी घेतलेच नव्हते, त्या सेवेच्या कायद्याने त्यांना काढले. विद्यार्थ्यांना त्या घरी बोलावून शिकवत राहिल्या. त्यांतला एक जण नाझींच्या तपकिरी गणवेशात येत असे आणि त्यालाही त्यांनी शिकवले. ग्योटिंगनमधील त्यांचे सहकारी गणिती हेरमान वाइल यांनी पुढे सांगितले की त्या द्वेषाच्या वातावरणात नोएथर यांचे धैर्य आणि स्वतःच्या भवितव्याविषयीची बेफिकिरी हाच इतरांना आधार होता.

ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात आणि मॉस्कोतही त्यांच्यासाठी प्रयत्न झाले. अखेर रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात अतिथी प्राध्यापक म्हणून जागा झाली आणि १९३३ च्या अखेरीस त्या अमेरिकेत पोहोचल्या. १९३४ पासून प्रिन्स्टनच्या नव्या प्रगत अध्ययन संस्थेत दर आठवड्याला त्यांचे व्याख्यान असे. त्याच उन्हाळ्यात त्या एकदा जर्मनीला गेल्या, भावाची भेट घेतली आणि घरातले सामान अमेरिकेला रवाना करून परतल्या. एप्रिल १९३५ मध्ये एक शस्त्रक्रिया झाली आणि चार दिवसांत सारे संपले. त्यांच्या अस्थी ब्रिन मॉरच्या ग्रंथालयाच्या चौकातील ओवरीत, फरशीखाली ठेवलेल्या आहेत.

जाणकारांनी गणिताविषयी भर घालावी, ही विनंती. तो माझा प्रांत नाही.

---

प्रतिसाद : अंकपाटी

ताई, लेख मनापासून आवडला. मी पदव्युत्तर वर्गांना बीजगणित शिकवतो, त्यामुळे आपली विनंती आनंदाने मान्य करतो.

१९१८ च्या सिद्धान्ताचा गाभा सांगायचा तर असा : निसर्गनियमांत जी जी सलग सममिती आढळते, तिच्या पोटी एक अक्षय्य राशी असते. आज केलेला प्रयोग उद्या केला तरी नियम तेच राहतात, ही काळाबाबतची सममिती झाली, आणि तिच्यातून ऊर्जेची अक्षय्यता निघते. प्रयोग इथे केला काय किंवा दहा मैलांवर केला काय, नियम बदलत नाहीत. त्यातून संवेगाची अक्षय्यता निघते. दिशा बदलली तरी नियम तेच, त्यातून कोनीय संवेगाची. शाळेत हे तीन नियम आपण सुटे सुटे पाठ करतो, पण त्या तिघांचे मूळ एकच आहे हे नोएथर यांनी दाखवले. मूळ निबंधात खरे तर दोन सिद्धान्त आहेत आणि सापेक्षता सिद्धान्तातील ऊर्जेचे कोडे उलगडते ते दुसऱ्यामुळे. मूलकणांच्या आजच्या सिद्धान्तांत काम करणारा कोणीही या निबंधाला टाळून पुढे जाऊ शकत नाही.

गणितज्ञांना मात्र त्या बीजगणितासाठी प्रिय आहेत. आमचे विद्यार्थी एम.एस्सी.ला ‘नोएथेरियन वलय’ शिकतात, आणि त्यातल्या अनेकांना हे एका बाईचे आडनाव आहे याची कल्पनाच नसते. कल्पना अशी की, वलयातील आयडियल एकापेक्षा एक मोठे घेत गेले, तर ती चढती साखळी कुठेतरी थांबलीच पाहिजे. अशी एक साधी अट घातली की पूर्णांकांचे मूळ अवयव पाडण्यासारखी रचना कितीतरी व्यापक क्षेत्रांत आपोआप मिळते. जेथे आधीचे गणिती पानेच्या पाने आकडेमोड करत, तेथे नोएथर नेमकी कोणती अट खरोखर लागते एवढेच विचारत आणि बाकीचे सगळे बाजूला सारत. ज्या हाताने ३३१ इन्व्हेरिअंट लिहिले, त्याच हाताने ही रीत घडवली, म्हणून मला तो जुना प्रबंधही महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. ‘माथेमाटिशे आनालेन’ या अग्रगण्य नियतकालिकासाठी त्यांनी अनेक वर्षे निबंध तपासले, दुरुस्त केले, पण संपादक म्हणून त्यांचे नाव कधी छापले गेले नाही. फान डेर वेर्डन यांच्या दोन खंडांच्या ज्या ग्रंथातून सगळ्या जगाने नवे बीजगणित शिकले, त्याच्या मुखपृष्ठावरच गणिती आर्टिन आणि नोएथर यांच्या व्याख्यानांचा आधार घेतल्याचे लिहिलेले आहे. स्वतःच्या कल्पना विद्यार्थ्यांच्या नावाने प्रसिद्ध झाल्या तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे.

---

प्रतिसाद : मोगरीचा मांडव

वाचून मन विषण्ण झाले. आयुष्यभर डावलले गेल्यावर परक्या देशात, नात्यागोत्यापासून दूर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मरण यावे, याहून मोठी शोकांतिका कोणती? ताई, मला एक विचारायचे आहे. पगार नव्हता तर त्यांचा निर्वाह कसा होत असे? आणि अमेरिकेत तरी पुरेसे वेतन मिळाले का?

---

धागाकर्ती : कृष्णाकाठ

मोगरीचा मांडव, आपली हळहळ मी समजू शकते, पण त्या आयुष्याला सरसकट शोकांतिका म्हणायला माझे मन तयार होत नाही.

आधी निर्वाहाचे सांगते. घरची स्थिती बरी होती आणि त्यांच्या गरजा फारच थोड्या होत्या. साधे घर, साधे जेवण, कपड्यांचा कसलाही सोस नाही. हे वाचताना त्यांच्या साधेपणाचे कौतुक करण्याचा मोह होतो, पण मला त्यात धोका दिसतो. त्यांना पैशाची आस नव्हती हे खरे असले, तरी त्यामुळे न दिलेला पगार न्याय्य ठरत नाही. हेरमान वाइल १९३० साली हिल्बर्ट यांच्या जागी ग्योटिंगनला आले तेव्हा त्यांनी नोएथर यांच्यासाठी बरे पद मिळवण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. नोएथर गणिती म्हणून आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहेत हे ठाऊक असताना त्यांच्या शेजारी मानाच्या खुर्चीवर बसण्याची आपल्याला लाज वाटत असे, असे वाइल यांनी त्यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणात उघडपणे सांगितले. स्त्री असणे, ज्यू असणे आणि डाव्या विचारांची असणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या आड आल्या.

अमेरिकेतील वेतन रॉकफेलर फाउंडेशन आणि विस्थापित जर्मन विद्वानांसाठी स्थापन झालेल्या साहाय्य समितीकडून येत असे. ते ठरावीक मुदतीचे होते आणि मुदत संपत आली की पुन्हा नव्याने खटपट करावी लागे. म्हणजे ब्रिन मॉरमध्येही कायम जागा नव्हती. प्रिन्स्टन विद्यापीठ तर त्या काळी केवळ पुरुषांचे होते, आणि त्या विद्यापीठात आपले स्वागत होत नाही हे नोएथर यांनी पत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्यांची व्याख्याने होत ती तेथे नुकत्याच सुरू झालेल्या स्वतंत्र संस्थेची.

तरीही ब्रिन मॉरमध्ये त्यांना एक गोष्ट मिळाली जी ग्योटिंगनने दिली नव्हती, आणि ती म्हणजे बरोबरीची वागणूक. गणित विभागाच्या प्रमुख ॲना पेल व्हीलर स्वतः उत्तम गणिती होत्या, तरुणपणी ग्योटिंगनमध्ये शिकून गेल्या होत्या आणि पुरुषांच्या जगात गणित करणे म्हणजे काय हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. दोघींची घट्ट मैत्री झाली. १८८५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात स्त्रियांना थेट डॉक्टरेटपर्यंत शिकता येत होते, त्यामुळे नोएथर यांना पहिल्याच वर्षी विद्यार्थिनींचा एक लहान पण तयारीचा गट मिळाला. शनिवारी दुपारी त्या या मुलींना घेऊन लांब फिरायला जात. बोलण्यात रंगल्या की इंग्रजी सुटून जर्मन सुरू होई आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडे लक्ष राहात नसे, म्हणून मुली त्यांना सांभाळून पलीकडे नेत. परक्या देशात, पन्नाशी उलटल्यावर, नव्या भाषेत आपली शाळा पुन्हा उभी करणाऱ्या व्यक्तीला मी केवळ बळी म्हणू शकत नाही. ही उभारणी चालू असताना मृत्यू आला, आणि मला दुःख वाटते ते त्याचे.

---

प्रतिसाद : औदुंबर

मी पेशाने शल्यविशारद आहे. मृत्यूविषयी लेखात एकच ओळ आहे, म्हणून थोडी भर घालतो.

ओटीपोटात गाठ असल्याचे निदान झाले आणि १० एप्रिल १९३५ रोजी शस्त्रक्रिया करण्यात आली. अंडाशयाची मोठ्या खरबुजाएवढी गाठ निघाली. गर्भाशयावर आणखी दोन लहान गाठी होत्या, पण त्या साध्या वाटल्याने आणि शस्त्रक्रिया लांबू नये म्हणून त्यांना हात लावला नाही. हा निर्णय त्या काळाच्या मानाने योग्यच होता. पहिले तीन दिवस प्रकृती अपेक्षेप्रमाणे सुधारत गेली. चौथ्या दिवशी मात्र त्या अचानक बेशुद्ध झाल्या, ताप १०९ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नक्की कारण सांगता आले नाही. एखाद्या तीव्र जंतुसंसर्गाने मेंदूच्या तळाशी असलेल्या, शरीराचे तापमान राखणाऱ्या केंद्रावर आघात केला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला तर त्या काळी डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच नव्हते. पेनिसिलीन रुग्णांपर्यंत पोहोचायला पुढचे दशक उजाडावे लागले. सल्फा गटातील पहिल्या औषधाविषयीचा गेरहार्ट डोमाग्क यांचा निबंध फेब्रुवारी १९३५ मध्ये, म्हणजे या शस्त्रक्रियेच्या अवघे दोन महिने आधी, जर्मनीत प्रसिद्ध झाला होता. त्या औषधाने त्या वाचल्या असत्या असे मी म्हणणार नाही, कारण मुळात निदानच अनिश्चित आहे. पण अशी शस्त्रक्रिया आज बहुतांशी निर्धोक असते, एवढे नक्की सांगता येईल.

---

प्रतिसाद : मोगरीचा मांडव

डॉक्टरसाहेब आणि ताई, दोघांचेही आभार. शोकांतिका हा शब्द मी मागे घेत नाही, पण ताईंचे म्हणणे मला पटले आहे. तो शब्द मी आता त्यांच्या आयुष्याला नव्हे, फक्त त्या चार दिवसांना लावीन. लेखात ज्या भावाचा उल्लेख आहे, त्यांचे पुढे काय झाले?

---

धागाकर्ती : कृष्णाकाठ

औदुंबर, ही माहिती दिल्याबद्दल आभारी आहे. त्यांच्या आजाराची कल्पना फार थोड्यांना होती, त्यामुळे बहुतेक सहकाऱ्यांना ही बातमी अनपेक्षित होती.

भावाची कहाणी अधिक क्रूर आहे. फ्रिट्झ नोएथर हेही गणिती होते, ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापक होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून त्यांनी पदक मिळवले होते. तेही नाझींच्या कायद्यातून सुटले नाहीत. बहीण पश्चिमेला गेली आणि भाऊ १९३४ साली पूर्वेला, सैबेरियातील तोम्स्कच्या संस्थेत गेला. तेथे १९३७ साली स्टालिनच्या दमनसत्रात त्यांना जर्मन हेर ठरवून अटक झाली, २५ वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबर १९४१ मध्ये ओर्योल येथे गोळ्या घालण्यात आल्या. सोव्हिएत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले ते १९८८ साली. त्यांचे दोन्ही मुलगे पुढे अमेरिकेत पोहोचले. हेरमान रसायनशास्त्रज्ञ झाले आणि गॉटफ्रीड संख्याशास्त्रज्ञ झाले.

---

प्रतिसाद : अंकपाटी

श्रद्धांजलीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. २६ एप्रिल १९३५ रोजी ब्रिन मॉरमध्ये वाइल यांचे भाषण झाले. मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आइन्स्टाइन यांचे पत्र आले आणि सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या गणित संस्थेत अलेक्सांद्रोव्ह बोलले. ही तिन्ही ठिकाणे जर्मनीबाहेरची होती. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो फान डेर वेर्डन यांचा मृत्युलेख, कारण तो त्याच वर्षी जर्मनीत, त्याच ‘आनालेन’मध्ये छापून आला. ज्या नियतकालिकाने त्यांचे नाव संपादकांत घातले नाही, त्याने निदान ती पाने दिली, आणि त्या दिवसांत एका ज्यू विदुषीविषयी असे लिहिणे व छापणे सोपे नव्हते.

ताई, ब्रिन मॉरच्या त्या विद्यार्थिनींविषयी आपण आणखी लिहिलेत तर बरे होईल.

---

धागाकर्ती : कृष्णाकाठ

सर, मला ज्ञात आहे तेवढे लिहिते. त्या गटात चौघी मुख्य होत्या. ओल्गा टाउस्की आधीच डॉक्टरेट मिळवून व्हिएन्नाहून आलेल्या होत्या आणि ग्योटिंगनमध्ये हिल्बर्ट यांच्या समग्र लेखनाच्या संपादनावर त्यांनी काम केले होते. प्रिन्स्टनच्या व्याख्यानांना त्या नोएथर यांच्याबरोबर जात असत. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि नंतर कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेत अनेक वर्षे शिकवत होत्या. मारी वाइस आणि ग्रेस शोव्हर याही डॉक्टरेटनंतरच्या संशोधनासाठी आल्या होत्या. नोएथर यांच्याकडे ब्रिन मॉरमध्ये डॉक्टरेटचे काम करणारी विद्यार्थिनी एकच, रूथ स्टॉफर. मार्गदर्शिकेच्या मृत्यूनंतरही त्यांचे काम थांबले नाही आणि १९३५ सालीच त्यांना पदवी मिळाली. त्यांनी काही काळ अध्यापन केले आणि नंतर पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी संख्याशास्त्रज्ञ म्हणून दीर्घकाळ पगारी नोकरी केली.